हंगामी

एम्प्रेस मिलच्या हजेरीबुकात झिबल हेडाऊंच्या नावापुढे
अकरा वर्षं एकच शब्द: हंगामी.
म्हणून बेचाळीसच्या ऑगस्टात
गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत सरकार बसलं
आणि कुणी म्हणालं, तूर्त हे हंगामी,
तेव्हा आधी तेच हसले.
"मंग खजिना मलेच द्या. मले अनुभव हाये."

मी चौदाचा. अक्षर बरं, म्हणून दप्तरदार.
दप्तर म्हणजे लुगड्यांच्या हिशेबाची वही, मागून सुरू केलेली.
शिक्का सागाचा,
छिप्यांच्या जुन्या ठशाच्या पाठीवर
सोनकुसऱ्यांनी रातोरात कोरला.
घाईत 'स्व' तेवढा सुलटा कोरला गेला,
म्हणून कागदावर उलटा उमटायचा.
"चालते," अध्यक्ष म्हणाले, "उलटा असला तरी आपला हाये."

पहिला हुकूम: ज्वारीचा भाव चौकात ठरेल.
दुसरा: रात्री माग बंद,
म्हणजे बूट ऐकू येतील.
तिसऱ्यावर शाई सांडली. तो काय होता, आठवत नाही.

कर घरटी दोन आणे.
कांड्या भरणाऱ्या गिरजाबाई धकातेंनी
पावती उलटी धरली, हुंगली,
चंचीत सुपारीजवळ ठेवली.

साडेचार दिवस.
पाचव्या पहाटे लॉरी आली.
माग बंद होते, बूट नीट ऐकू आले,
पण गल्लीला दुसरं तोंड नव्हतं.

पावणेदोन वर्षांनी झिबलकाका सुटले.
मिलनं हंगामीतूनही नाव खोडलेलं.
घरी येऊन त्यांनी मागाचा खड्डा उकरला,
मडक्यातून खजिना काढला: नऊ रुपये सहा आणे.
घरोघर परत करत निघाले, मागे मी वही घेऊन.
लोकांनी घेतले. दिवसच तसे होते,
कुणी मान खाली घालून, कुणी मोजून.

गिरजाबाईंनी मात्र चंची उलगडली,
कातानं लाल झालेली पावती दाखवली.
"सरकार गेलं त पावती खोटी होते का रे?"
आणि कनवटीची चवली काढून
काकांच्या हातावर ठेवली.
"हा यंदाचा."

मी वही उघडली. शिक्का पोलिसांनी नेलेला.
काका बराच वेळ तळहाताकडे पाहत राहिले,
मग म्हणाले, "लिही पोट्ट्या. तारीख टाक.
कोनाच्या नावानं जमा, थे मागून पाहू."