दहापैकी सहा

आमच्या नोव्ही सादमध्ये तेव्हा खेळ रेडिओवरून यायचे.
खोटं नाही. रात्री अकराला निवेदक म्हणायचा, टेप लावा,
आणि मग चार मिनिटं नुसती चिरचिर,
तापल्या तेलात पाणी सांडावं तशी.
खालच्या मजल्यावरचे लाझार काठीनं छत ठोकायचे:
रेडिओ दुरुस्त करून घ्या!
आम्ही श्वास रोखून.
खालून एखादी मोपेड गेली, आवाजात खरखर आली,
की खेळ मेला.

बातम्या ओग्न्येन लिही, टंकायची मी.
चार पानं, आईच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या यंत्रावर
सुट्टीच्या दिवशी चोरून काढलेली.
कोणता खेळ आला, कुणी त्रिएस्तेहून
कॉफीच्या पिशवीत लपवून काय आणलं,
कुठे अडकायला होतं.
शेवटी गुण. दहापैकी.
ओग्न्येनचा हात आखडता. दहा त्यानं कुणालाच दिले नाहीत,
मलाही नाहीत, पण ते जाऊ द्या.

एकशे चाळीस वर्गणीदार. निम्मे पैसे बुडवणारे.

एकतिसाव्या अंकात ‘दीपगृहाचा राखणदार’: सहा.
तिसऱ्या जिन्यावर उडी पोहोचतच नाही, त्यानं लिहिलं,
करणाऱ्याचं मोजमाप चुकलंय.

ओसियेकहून पत्र आलं. वहीचा कागद, हिरवी शाई.
क्रेशिमिर, वय तेरा.
‘तिथे उडी मारायची नसते.
काळोखात उभं राहायचं. दिवा फिरून येतो.
कृपया नऊ करा.’

ओग्न्येन हसला. पुढच्या अंकात बघू.

त्या शरदात दोन शहरांमधलं टपालच थांबलं.
शंभरेक किलोमीटर.
ओग्न्येनला पुढचा कागद आला तो लष्कराचा;
तो बुडापेस्टच्या बसमध्ये बसला, आणि आता
टोरांटोत गटारांचे नकाशे काढतो.
वर्गणीदारांची यादी माझ्याकडे राहिली.
ती मी कधी शेवटपर्यंत वाचली नाही.

काल भाच्यानं लॅपटॉपवर तो जुना खेळ लावून दिला.
तिसरा जिना. बोट सवयीनं उडीकडे गेलं,
मागे घेतलं.
काळोख. एक मिनिट झालं असेल.
अडकलाय हा, भाचा म्हणाला, बंद कर.
थांब रे.

मग भिंतीवरून पिवळा पट्टा सरकत आला
आणि काहीच नव्हतं तिथे
पायरी.

नऊ नाही, क्रेशिमिर. संगीत अगदीच भिकार आहे.
साडेसात.