पोहरा

खेचराच्या पाठीवर दोन टाक्या, माझ्या पाठीवर एक,
एलेउतेरिओ मामाच्या हातात कोयता.
तोडलेल्या वेलींचा चीक त्याच्या बाहीवर अजून ओला.
पाचला निघालो, आता साडेसहा.
"जपून, नेरी. इथं जमीन पोकळ आहे," तो म्हणतो,
"नुसती वरून जमीन दिसते."

युकातानात नदी नाही.
शाळेच्या नकाशात मी निळी रेघ शोधायचे,
बाई म्हणायच्या, आहे गं, पण खाली आहे.
मला ती थाप वाटायची.
आज त्याच थापेचा पगार घेते:
दोरी अंथरायची, मोजायचं, वर येऊन कागदावर काढायचं.

सेनोतेच्या काठावर आलामोची मुळं
वीस हात खाली उतरून
तोंड बुडवून उभी आहेत, तहानलेल्या गुरांसारखी.
शेतातून परतताना मामा रोज इथंच खेचर धुतो.
साबणाचा फेस कडेकडेनं फिरतो, मग दिसेनासा होतो.
कुठं जातो, कुणी विचारत नाही.

मामा कोपाळाचा खडा पेटवतो,
पाण्याच्या धन्याकडं माझ्यासाठी वाट मागतो.
मी माझ्या हवेचे तीन वाटे करते:
एक जायचा,
एक यायचा,
एक कुणाच्या तरी चुकीचा.

मग हिरवा उजेड मागं राहतो
आणि उरतो माझाच श्वास,
भात्यासारखा.

छतावरून दगडाचे झुंबर, खाली दगडाचे सुळके.
पाणी यायच्या आधी इथं थेंब थेंब गळत होतं,
हजारो वर्षं, कुणाला घाई नव्हती.
आणखी खोल गोडं पाणी संपतं, खारं सुरू होतं.
मधे एक थरथरती कातडी.
हात घातला तर मनगटापुढचा हात
दुसऱ्याच कुणाचा वाटतो.

डोळे नसलेला एक मासा
माझ्या काचेसमोर थांबला,
मला न पाहता माझ्याकडं बघत राहिला.

त्याच्या नादात पाय जरा खाली गेला.
गाळ उठला, सगळं ताक झालं.
टॉर्च हातात असून आंधळी.
डाव्या हाताची दोन बोटं दोरीवर, बस्स,
तेवढंच जग.
आईचं नाव घेतलं नाही, खोटं कशाला सांगू,
आकडे घेतले. एकशेचाळीस. एकशेतीस.
दोरीनं मला ओढलं नाही, मीच तिला धरून राहिले.

गाळ विरला तेव्हा समोर, वर,
नाण्याएवढा उजेड.
टॉर्च झाकला.
त्या नाण्यातून काहीतरी सुटलं आणि
धप्प!
हिरवा पोहरा. पालथा झाला, भरला, सरळ झाला.
माझ्या तोंडापासून हातभर.

वर कुणी बाई कोंबड्यांना शिव्या देत होती.
पाण्यातून शब्द कळत नव्हते, चाल कळली:
दोन्या क्रिसांता सेन. दुसरी कोण?
रानापलीकडचा तिचा मळा.
बांधावरच्या एका चिकूवरून
मामाचं नि तिचं अकरा वर्षं बोलणं नाही.
वरून वळसा दीड तासाचा.
खालून सहाशे दहा मीटर.

मी हलले नाही. विहिरीतून माणूस निघाला
तर ती बिचारी जागीच जायची.
पोहरा डुलत वर गेला,
चार थेंब माघारी आले.
आडात जे असेल तेच पोहऱ्यात,
आणि आडात काय काय असतं ते मला
आत्ताच कळलं होतं.

वर आले. मामानं टाकी उतरवून घेतली.
"कुठं जातं?"
"क्रिसांता सेनच्या विहिरीत."
तो काही बोलला नाही. कोयत्याला चिकटलेलं पान
नखानं सोलत बसला.

निघताना खेचरानं सवयीनं पाण्याकडं मान लांबवली.
मामानं दावं ओढलं.
अंगावर वाळलेला घाम घेऊनच ते चालू लागलं.

अर्ध्या वाटेवर, अगदीच मधे, त्यानं विचारलं,
"पोहरा कसला आहे तिचा?"
"हिरवा. कडेला चिरलेला."
कोयता फांदीवर थांबला.
"अजून तोच?"