दोर

दयाराम दोनाडकर तीस वर्षांपासून कड्याला लटकलेला आहे.
तिसऱ्या भागाच्या शेवटी, एका हातानं,
खाली मुरमाची खदान, वर पत्रूजीचा काळा बूट,
आणि त्यावर पिवळी अक्षरं:
'रानबहाद्दर' पुढील भागात पहा.

पुढील भाग आला नाही.
वडशाच्या स्टुडिओचा कॅमेरा लग्नांत अडकला,
मंडईतले व्हिडिओचे मंडप उठले,
दयाराम तलावावर मच्छी सोसायटीचा चौकीदार झाला.
सायकलवर जाताना पोरं ओरडत, उतरला का बे अजून?
तो घंटी वाजवायचा फक्त.

मला तेवढं माहीत होतं
की तो कड्याला नव्हताच लटकलेला.
दोराला होता. दोर मोहाच्या झाडाला वळसा घेऊन
माझ्या हातात होता.
उडीच्या आधी तो मान न वळवता विचारायचा,
"केवळ्या, धरला का?"
"धरला."
तीन सिनेमांत माझं एवढंच बोलणं,
तेही पडद्यावर कुठं ऐकू येत नाही.

यंदा दिवाळीनंतर स्टुडिओवाल्याचा पोरगा आला, तेजराज,
ड्रोन घेऊन. म्हणे, चवथा भाग काढून रायलो.
म्हणे, तीस वर्सं तो काय करत होता,
लोक इचारतील, काका.
दयारामनं बिडी चपलेखाली चुरली.
"लिव्ह ना. लटकला होता."

मग पोरानं मोबाइलात त्याच्या सुरकुत्या पुसल्या,
केस काळे केले, गाल भरले,
आणि स्क्रीन समोर धरली.
दयाराम बराच वेळ पाहत राहिला.
"हा तं माहा धाकला दिसते.
तो मिरच्या तोडाले गेला तेलंगणात.
त्याले बलाव, उडी तो मारील."
मोबाइल परत दिला, उलटा करून.

पत्रूजी नाही आता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला.
त्याची खोटी मिशी माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात आहे,
झुरळानं एक टोक खाल्लं तिचं.
बूट मात्र त्याच्या पोरीनं जपले होते.
वनमाला, पोस्टात काम करते,
सुट्टी टाकून आली, बुटात कापूस कोंबला,
साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि जाऊन उभी राहिली
बाप उभा राहायचा तिथं.
म्हणजे साधारण तिथं.
अर्धा कडा तर क्रशरनं नेला, हायवेखाली गेला.
खदानीत पाणी, पाण्यात शिंगाडा.

डुप्लिकेट पोरगा हेल्मेट घालून तयार होता.
दयारामनं त्याच्या हातून दोर काढून घेतला,
कमरेला गाठ मारली, जुनीच,
बैलाला मारतात ती.
मान वळवली नाही.
"केवळ्या, धरला का?"

मी धरला. आणि घाबरलो.
पूर्वी तळहात सोलून निघायचे,
रात्री हळद लावून द्यायची बायको.
आता विहिरीतून बादली ओढावी एवढाच
भार आला हातात.
कुठं गेला इतका माणूस?

तो चढला. उडी नाही, झेप नाही,
एक पाय, मग थांबून दुसरा,
मुळीला धरून,
मधेच कपाळ दगडाला टेकवून.
तेजराज कट ओरडला.
डावा कान त्याचा केव्हाच गेलेला,
उजवा दगडाकडे.
ड्रोन भिंगरीसारखा घोंगावत राहिला.

कागदावर होतं: नायक बूट पकडतो,
खलनायकाला खाली फेकतो.
त्यानं बूट पकडला खरा.
धरून श्वास घेत राहिला.
मग वर पाहून म्हणाला, "दे वं माय, हात दे."
तिनं दिला.

वरती दोघं बसले होते.
तेजराज म्हणत होता, आणखी एक टेक,
फेकायचं राहिलं, काका.
दयाराम बुटातला कापूस काढून तिला दाखवत होता,
काहीतरी सांगत होता पत्रूजीचं, हसत होते.
मग खाली वाकून मला हाक मारली,
"केवळ्या, सोड आता."

दोर तर केव्हाचाच ढिला पडला होता.
मूठच उघडत नव्हती.