बट्टा

तळजाई टेकडीखालच्या मैदानात
त्सुकुदासानांनी टेनिसचा चेंडू हातात घेतला,
बोटांनी शिवण शोधली. नव्हती.

बावीस हंगाम, दोनशे सहा विजय.
सकाळभर चाकणच्या कारखान्यात
मी हे आकडे मराठीत सांगत होते.
एका ऑगस्टात सलग चार दिवस चेंडू टाकले,
पाचव्या दिवशी डाव्या हाताने दात घासले, हेही.

गुडघा छातीपर्यंत आला,
क्षणभर सगळं मैदान एका पायावर.
मग वरची वीट पडलेली दिसली.
चेंडू कुणालाच दिसला नाही.

"बट्टा!" साडेनऊ वर्षांचे अंपायर, ओजस फडतरे.
"आजोबा, कोपर सरळ. नोबॉल."

काय म्हणाला, त्यांनी विचारलं.
आमच्याकडे बट्टा नावालाही लागतो,
तेवढं गाळून सांगितलं: हात सरळ हवा.

त्यांनी बाही वर सारली.
कोपराच्या आतून पांढरी शिवण.
दोन्ही हात पोरासमोर धरले.
डावा सरळ. उजवा
अर्धं लोटलेल्या दारासारखा.
"एकोणतीस वर्षं," मी भाषांतर केलं,
"एवढाच उघडतो."

ओजसने शिवणीवर बोट फिरवलं.
"चालेल मग," म्हणाला.
"पण अंडरआर्म."