डीबीच्या झाकणामागे

शंभर कार्डं छापून घेतली.
छापणारा पोरगा म्हणाला, चाचा, व्हॉट्सॲपवर टाका,
कार्ड कोण ठेवतं आता?
तरी घेतली.
मुबीन होडेकर, इलेक्ट्रिशियन, मुहर्रक.
खाली नंबर, जो मलाच अजून पाठ नाही.

अकरा दिवस फोन वाजला तो फक्त दाभोळहून.
थोरली विचारायची: अब्बा, जेवलात का?

बाराव्या दिवशी उम्म खालिद.
नंबर कुणाकडून मिळवला, देव जाणे.
"मुबीन? जिवंत आहेस तू?
किचन अंधारात आहे. ये."

पक्कड नवी. टेस्टर जुनाच,
सात वर्षं गावीही खिशात होता.
चिपळूणला, आठवड्यातून तीनदा,
मशीनशेजारच्या स्टुलावर बसून
रझियाचं रक्त नळीतून जाताना बघायचो, परत येताना बघायचो.
फेजनं जायचं, न्यूट्रलनं यायचं, मी तिला समजावायचो.
ती म्हणायची, तुम्हाला सगळीकडे वायरच दिसते.
एकदा मशीन बंद पडलं
तर नर्सच्या आधी मी उठून प्लग चाचपला होता.
प्लग ठीक होता.

गल्ली तीच, घामही तोच, समुद्रासारखा खारट.
गुडघे मात्र शिडीला विचारून विचारून चढले.
माझ्या लाल-काळ्या वायरींना मधूनच कुणीतरी
तपकिरी-निळ्या जोडल्यात, गाठी मारून, टेप गुंडाळून.
मेन बंद केला.
टेस्टर लावला. परत लावला.
खाली उतरून पुन्हा मेन बघून आलो.
पूर्वी एकदाच बघायचो.

डीबीचं झाकण उघडलं,
तर आतल्या बाजूला माझं अक्षर.
निळं बॉलपेन, उन्हाळ्यांनी फिकटलेलं:
माजघर. मोरी. म्हातारीचा एसी.
म्हातारी म्हणजे तेव्हा उम्म खालिदची सासू.
आता त्या खोलीत उम्म खालिद झोपते.
शेजारी कुणाचं तरी मल्याळम,
त्याच्याखाली बंगाली, घाईघाईत.
"मोरी" कुणी खोडलेलं नाही.
नुसता एक बाण काढलाय तिच्याकडे,
कुणाला काय कळलं असेल त्यातून!

न्यूट्रलचा एक स्क्रू सैल.
एवढंच. जळून काळा पडलेला.
घासला, आवळला. हात थरथरला का?
थरथरला.
मेन चढवला आणि आतून फ्रिज गुरगुरला.

"बायको कशी आहे?" उम्म खालिदनं विचारलं.
मी पक्कड पुसत होतो.
अरबीत मला भूतकाळ कधीच नीट जमला नाही.
म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह.
तिनं माझ्याकडे बघितलं,
खजुराची थाळी पुढे सरकवली
आणि धाकट्या नातवाला उगीचच ओरडली.

चार दिनार सांगितले, पाच दिले.
मी कार्ड पुढे केलं.
तिनं चष्मा नसताना उलटसुलट पाहिलं,
चार घड्या घातल्या,
आणि डुगडुगणाऱ्या फ्रिजच्या पायाखाली सरकवलं.
फ्रिज स्थिर झाला.

बाहेर ऑगस्ट. जिभेवर खजुराची बी.
अब्बा, जेवलात का?
जेवतो गं, म्हटलं, जरा थांब,
दुसरा फोन येतोय.