नव्वद मिलिलिटर

दोहा. रात्रीचे पावणेबारा.
मैदानावरचे दिवे एकेक विझतायत.
दमट हवेने काचा बाहेरून घामेजल्यात,
आत एसी इतका, की जनी चौधरीने
दोन टॉवेल पांघरलेत.

तीन हजार मीटर, अडथळे, पाण्यावरची उडी.
चौथी आली.
पदक नाही, पण चिठ्ठी तिच्या नावाची निघाली.
तेव्हापासून ती माझ्या नजरेखाली.

पहिल्या खेपेला चाळीस भरले.
नव्वद लागतात.
"ताई, येतच नाही,"
सुरगाण्याच्या हेलात ती म्हणते
आणि मी, कणकवलीची,
अठरा वर्षं इथल्या इस्पितळात,
मराठी ऐकून आधी दचकते, मग हसू आवरते.
नियमात हसायला बंदी नाही. तरी.

भांडं तिनेच निवडायचं, सील तिनेच फोडायचं.
मी हात लावायचा नाही.
बाह्या कोपरापर्यंत, सदरा छातीपर्यंत वर,
आणि समोर मी. बघायचं.
बाळंतपणं केलीत मी, प्रेतं धुतलीत,
इतकं रोखून कुणाकडे बघितलं नव्हतं.

"पाणी फार पिऊ नकोस,
पातळ झाली तर पुन्हा बसावं लागेल."
एवढं सांगता येतं.

मग फॉर्म.
गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं.
लोहाच्या गोळ्या. पॅरासिटामॉल, दोनदा.
पेन थांबतं.
"आईने पुडी दिलेली. गुडघ्याला. वैदूकडची.
काय असतं हो त्यात?"

काय असू शकतं ते मला माहीत आहे.
अशाच पुड्यांनी माझी मावशी महिन्यात टुणटुणीत झाली,
दुसऱ्या महिन्यात तोंड सुजून परातीएवढं.
पाल्यात कोण कुठली गोळी कुटून घालतो,
आईला कसं कळणार?
अंगात सापडलं की ते तुझं.
कुणी दिलं, हा पुढचा प्रश्न.
हे मी बोलत नाही. मी लिहून घेणारी.

"लिहू?"
कोपऱ्यातला ट्युनिशियन साहेब घड्याळ बघतो.
माझ्या पर्समध्ये माझी रक्तदाबाची गोळी आहे,
त्यांच्या यादीत तीही बसते.
मला कोण विचारतंय.

"तुझं तू ठरव," मी म्हणते
आणि आवाज खिडकीपलीकडच्या कारकुनासारखा येतो.

ती लिहिते.
शाळेतल्या मोठ्या अक्षरांत, देवनागरीत,
रकान्याबाहेर जाऊन:
आईची पुडी, रोज एक, दुधातून.

साहेब विचारतो, हे काय?
मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडते.
पावडर म्हणू? झाडपाला म्हणू?
आईचं काय करू?

तेवढ्यात जनी उठते, टॉवेल खुर्चीवर टाकते.
"ताई, चला. आलीय."