वजा नऊ

रबाळे एमआयडीसी, रात्रीचे दोन चाळीस.
खिडकी नसलेली खोली, अठरा अंश,
अंगात बाबांचा मरून स्वेटर.
काळ्या पडद्यावर मी एक ओळ लिहिते: थांब.
एंटर.

पलीकडे एक प्रोग्रॅम
एकशे बारा दिवस डोळा न मिटलेला
हातातलं आवरायला लागतो.
कुणाची अर्धी पावती पुरी करतो,
उघड्या फायली मिटतो एकेक,
आपल्या धावत्या लेकरांना हाक मारतो,
चला, आटपा.
मी तीस सेकंद देते.
तीस सेकंद पुष्कळ असतात
आमच्यात.

मणीसरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं:
थांब म्हणणं वेगळं, मार म्हणणं वेगळं.
थांब, हे त्याला ऐकू येतं.
वजा नऊ ऐकू येत नाही,
ती ओळ त्याच्यासाठी नसतेच मुळी,
ती थेट मालकाकडे जाते
आणि तो नसतो.
"आणि हे बघ मढवी,
रीस्टार्ट हा एक शब्द दिसतो, आत दोन आहेत.
मधल्या फटीत डोकावायचं.
नाहीतर नवा येऊन दाराशी ताटकळेल
आणि जुना आतून कडी लावून बसलेला."

बाबा बॉयलरवर होते.
याच ठाणे-बेलापूर रस्त्यावर, सिग्नलपासून चौथं गेट.
पेटवायला अख्खी पाळी जायची,
उतरवायला दीड.
घाई केली की नळ्या तडकतात, म्हणायचे,
आणि आमटीच्या वाटीवर फुंकर घालून दाखवायचे:
असं.
मग एका सोमवारी गेटवर कागद.
रात्रपाळीला साडेतीनलाच बाहेर काढलेलं.
बाबांचा डबा तसाच घरी आला, भेंडीची भाजी,
आईनं तो सगळ्यांना वाढला, दोन-दोन घास.
नुकसानभरपाई, युनियन, कोर्टाच्या तारखा,
याबद्दल बाबा फारसं बोलले नाहीत.
एवढंच विचारत राहिले, शेवटच्या आजारातसुद्धा,
भेटायला येईल त्याला:
बॉयलर उतरवला कोणी?

आज हा एक ऐकत नाही.
तीस सेकंद झाले. दोन मिनिटं झाली.
स्थिती विचारली तर म्हणे, थांबतोय.
यादी काढली. आहे तिथेच,
एकतीस हजार चारशे सात,
पुढे सरकत नाही, जागा सोडत नाही.
हैदराबादहून फोन: अहो, मारा ना, काय बघताय?
मी ओळ लिहून ठेवते.
किल, वजा नऊ, नंबर.
बोट एंटरवर.

सहज लॉग उघडते.
कुठल्याशा पतपेढीची व्याजाची बेरीज,
सत्तर हजार खाती,
त्यातली चारशे उरलेली.
तीनशे नव्वद.
तीनशे ब्याऐंशी.
"हो सर, बघते," म्हणते
आणि लिहिलेली ओळ खोडत खोडत मागे येते,
आकड्यापासून सुरुवातीपर्यंत.

अकरा मिनिटं.
एसीच्या घरघरीत मी नुसती बसून.
मग यादीत तो नाही.
काही वाजलं नाही, दिवा बदलला नाही.

नवा सुरू करायला गेले तर नकार:
आधीच चालू आहे, म्हणतो.
कुठे चालू आहे?
एका फायलीत चिठ्ठी राहिलेली, तिच्यात फक्त आकडा,
एकतीस हजार चारशे सात.
गेलेल्याचा नंबर.
रेशनकार्डावरून बाबांचं नाव कमी करायला
मला तीन खेपा पडल्या होत्या,
तिसऱ्या खेपेला कारकुनानं विचारलं,
नक्की का?
इथे कुणी विचारत नाही.
पुसते. पुन्हा लिहिते: सुरू हो.

सक्रिय. चार सेकंदांपासून.
नंबर वेगळा, कालचं काही आठवत नाही त्याला,
सकाळी नऊला पतपेढीचं शटर वर जाईल
आणि कुणाला काही कळणार नाही.

हैदराबादला मेल. मग रजिस्टर.
वेळ, कारण, लागलेली मिनिटं,
शेवटचा रकाना: कोणी.
पेन उमटत नाही, कोपऱ्यात दोनदा घासावं लागतं.
लिहिते, नीट, पूर्ण नावानं,
वडिलांच्या नावासकट:
हर्षाली हसुराम मढवी.
कारणाच्या रकान्यात जागा उरली होती.
तिथे लिहिलं, उतरवला.